एका वहीत किती जणांनी लिहायचं?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठी आकडे हा माझा जन्माचा बॅकलॉग आहे. मेसचे काका "एकोणसत्तर ताटं झाली" म्हणाले की मी मनात आधी सत्तर शोधते आणि मग एक पायरी खाली उतरते. (हसू नका! 'एकोणऐंशी'ला तर अजून बोटं लागतात.) अशा मुलीने मासिकाच्या मराठी विभागात 'मोजणे' या विषयावर लेख लिहावा हा एक विनोदच आहे. पण या सेमिस्टरला मोजण्यापायीच माझं आणि माझ्या रूममेटचं चार दिवस बोलणं बंद होतं. चूक कोणाची होती ते लेख संपेपर्यंत कळेलच.

झालं असं, की ऑपरेटिंग सिस्टीमच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी लिनक्सच्या कर्नलमध्ये चालणारी एक छोटी फाइल सिस्टीम लिहायला घेतली. सगळा डेटा मेमरीतच ठेवायचा, खरी डिस्क नाही. काम वाटून घेतलं. फाइलला कुठले ब्लॉक द्यायचे ते ठरवणारा ॲलोकेटर तिच्याकडे, आणि एकूण मोकळे ब्लॉक किती उरले याचा हिशेब माझ्याकडे. माझं काम दीड तासात उरकलं. एक व्हेरिएबल घेतलं, त्याच्यावर एक स्पिनलॉक लावला. ब्लॉक दिला की एक वजा, परत आला की एक अधिक. संपलं! तिने मात्र दोन आठवडे घेतले. मी तिला चिडवायचे सुद्धा.

डेमोच्या आधी लॅबमधल्या आठ कोअरच्या मशीनवर टेस्ट केली. एका थ्रेडने फाइल्स बनवल्या, मस्त चाललं. मग आठ थ्रेड लावले. आम्हाला वाटलं स्पीड आठपट नाही तरी पाचपट तरी होईल. प्रत्यक्षात एका थ्रेडला जेवढं काम जमत होतं, तेवढंही आठांना मिळून जमेना! मी लगेच म्हटलं, "तुझ्या ॲलोकेटरमध्ये घोळ आहे." ती म्हणाली, "मी ब्लॉकचे वेगवेगळे गट केलेत, प्रत्येक गटाला वेगळा लॉक आहे. कोणी कोणाची वाट बघत नाही." मी ऐकलं नाही. वर जरा लागेल असंही बोलले. त्यानंतर रूममध्ये चार दिवस फक्त पंख्याचा आवाज.

शेवटी सर म्हणाले, "भांडू नका, मोजा. पर्फ लावून बघा वेळ कुठे जातोय." लावला. बहुतेक सगळा वेळ एका स्पिनलॉकची वाट बघण्यात जात होता. आणि तो लॉक माझा होता.

एक अधिक करणं हे एक काम नाही

आपण 'काउंट प्लस प्लस' लिहितो तेव्हा वाटतं की हे एकच काम आहे. खरं तर ती तीन कामं आहेत. मेमरीतून आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, परत लिहायचा. समजा आकडा ४१ आहे. दोन प्रोसेसरनी एकाच वेळी ४१ वाचला, दोघांनी आपापल्या जागी ४२ केला आणि दोघांनी ४२ लिहिला. मोजायला हवे होते ४३, वहीत आले ४२. एक नोंद हरवली आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे लॉक. एका वेळी एकानेच आत यायचं. दुसरा उपाय म्हणजे ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन. त्यात हार्डवेअरच हमी देतं की वाचणं, मिळवणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दुसरा कोणी घुसणार नाही. दोन्ही उपायांनी उत्तर बरोबर येतं. व्हायव्हाला एवढं सांगितलं तर मार्कही मिळतात. पण स्पीडचं काय?

इथे कॅशची गोष्ट येते. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट उचलत नाही, एक अख्खा गठ्ठा उचलतो. त्याला कॅश लाइन म्हणतात. आपल्या नेहमीच्या एक्स८६ मशीनवर ती ६४ बाइटची असते. एकच लाइन अनेक कोअरना नुसती वाचायची असेल तर प्रत्येकाने आपली झेरॉक्स ठेवली तरी चालतं. पण ज्याला लिहायचं आहे त्याला ती लाइन एकट्याच्या ताब्यात घ्यावी लागते, आणि बाकी सगळ्यांच्या झेरॉक्स रद्द होतात. मग पुढच्याला लिहायचं असलं की ती लाइन त्याच्याकडे जाणार, याची रद्द होणार. आठ कोअर सतत एकच काउंटर वाढवत असतील, तर ती बिचारी लाइन दिवसभर इकडून तिकडे पळत राहते. स्वतःच्या पहिल्या कॅशमधली लाइन कोअरला चार-पाच क्लॉक सायकलमध्ये मिळते. दुसऱ्या कोअरकडून मागवायची तर त्याच्या कित्येक पट वेळ जातो, आणि मशीनमध्ये दोन सॉकेट असतील तर आणखीच.

म्हणजे ॲटॉमिक वापरून लॉक काढला तरी रांग संपत नाही. ती फक्त आपल्या कोडमधून हार्डवेअरमध्ये जाते.

मेसमधली वही

हे मला नीट कळलं ते मेसमध्ये. पूर्वी आपल्या मेसच्या दारात एकच वही असायची आणि सुतळीने बांधलेलं एक पेन. प्रत्येकाने आपल्या ताटाची एक रेघ मारायची. आत चार खिडक्यांवर वाढायला माणसं मोकळी उभी, आणि बाहेर रांग मात्र जिन्यापर्यंत. रांग जेवणाची नव्हतीच, ती पेनची होती. मग काकांनी साधी गोष्ट केली. प्रत्येक खिडकीवर वेगळी वही ठेवली. ज्या खिडकीवर ताट घेतलं तिथेच रेघ मारायची. रात्री काका चारही वह्यांची बेरीज करतात. रांग गेली!

कर्नलमधला 'पर-सीपीयू काउंटर' म्हणजे हेच. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा वेगळा काउंटर, आणि त्यात फक्त त्यानेच लिहायचं. लॉक नको आणि लाइनची पळापळही नको. एकूण हवं असेल तेव्हा सगळ्यांची बेरीज करायची.

हे कळल्यावर मी जोशात आठ काउंटरचा एक ॲरे केला, लॉक उडवला आणि टेस्ट चालवली. फरक पडला, पण अगदीच किरकोळ. आता काय झालं? डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. प्रत्येक काउंटर ८ बाइटचा, असे ८ काउंटर शेजारी शेजारी. आठे आठे चौसष्ट! (हा पाढा मला येतो.) म्हणजे माझ्या आठ वेगळ्या वह्या एकाच कॅश लाइनमध्ये बसल्या होत्या. कोडला त्या आठ दिसत होत्या, हार्डवेअरला मात्र एकच. वह्या वेगळ्या केल्या खऱ्या, पण सगळ्या एकाच टेबलावर ठेवल्या. या प्रकाराला फॉल्स शेअरिंग म्हणतात.

यावर एक उपाय म्हणजे प्रत्येक काउंटरला पूर्ण एक लाइन द्यायची आणि उरलेली जागा रिकामी सोडायची. स्पीड येतो, पण मेमरी वाया जाते. लिनक्समध्ये हा काउंटर सुरुवातीला असाच होता. कर्नल पेंटियम ४ साठी १२८ बाइटची लाइन धरायचा. ३२ प्रोसेसरचं मशीन असेल तर १२८ गुणिले ३२, म्हणजे एका काउंटरला तब्बल ४ किलोबाइट! लिहिणाऱ्यांनी सोर्स कोडमध्येच तशी धोक्याची सूचना लिहून ठेवली होती.

नंतरची पद्धत जास्त हुशार आहे. प्रत्येक प्रोसेसरसाठी मेमरीचा एक वेगळा भाग राखून ठेवायचा आणि त्या प्रोसेसरचे सगळे काउंटर त्या भागात दाटीवाटीने ठेवायचे. शेजारी कोणीही असला तरी तो आपल्याच घरचा, त्यामुळे मध्ये रिकामी जागा सोडायची गरजच नाही. तिथे ४ बाइटच्या काउंटरला ३२ प्रोसेसरवर मिळून १२८ बाइट पुरतात. कुठे ४०९६ आणि कुठे १२८!

मध्येच खिडकी बदलली तर?

आता एक बारीक गोम. माझा थ्रेड ३ नंबरच्या प्रोसेसरवर आहे. त्याने 'माझा काउंटर' म्हणून ३ नंबरचा आकडा वाचला. तेवढ्यात शेड्युलरने त्याला उचलून ५ नंबरवर टाकलं. तिथे जाऊन त्याने ३ नंबरच्या वहीत जुना आकडा लिहिला. मधल्या वेळात ३ वर दुसऱ्या कोणी नोंद केली असेल तर ती गेली. म्हणजे आपण पुन्हा ४१-४२ च्याच गोष्टीवर आलो.

म्हणून एवढं छोटं काम होईपर्यंत प्रीएम्प्शन बंद ठेवतात, म्हणजे थ्रेडला जागेवरून हलवायचं नाही. एक्स८६ वर तर याहून सोपी युक्ती आहे. प्रत्येक प्रोसेसरच्या जीएस या सेगमेंट रजिस्टरचा बेस त्याच्या स्वतःच्या भागाकडे बोट दाखवत असतो. त्यामुळे 'माझा काउंटर शोध आणि त्यात एक मिळव' हे एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होतं. इंटरप्ट आला तरी तो इन्स्ट्रक्शनच्या आधी येईल किंवा नंतर, मध्ये नाही. आणि त्या वहीत दुसरा प्रोसेसर लिहीतच नसल्यामुळे ॲटॉमिकचा महागडा लॉकही लागत नाही.

बेरीज कधी करायची?

आतापर्यंत फायदाच फायदा वाटतोय ना? पण लिहिणं स्वस्त केलं की वाचणं महाग होतं. फुकट काही मिळत नाही. एकूण आकडा हवा असेल तर प्रत्येक प्रोसेसरची वही उघडून बघावी लागते. आठ असतील तर ठीक आहे, दोनशे छप्पन असतील तर? आणि माझ्या फाइल सिस्टीमला प्रत्येक ब्लॉक देण्याआधी विचारायचं होतं, 'जागा आहे का?' म्हणजे जेवढ्या वेळा लिहायचं तेवढ्याच वेळा वाचायचं!

लिनक्सचा उपाय असा आहे. स्वतंत्र वह्या आहेतच, शिवाय मधोमध एक मोठी वही, तिला लॉक. प्रत्येक प्रोसेसर आपल्या वहीत मोजत राहतो. त्याचा आकडा ठरलेल्या हद्दीला पोचला की लॉक घेऊन तो मोठ्या वहीत जमा करतो आणि आपली वही शून्य करतो. या हद्दीला बॅच म्हणतात. नेहमीची बॅच ३२ किंवा प्रोसेसरच्या संख्येची दुप्पट, यातलं जे मोठं ते. म्हणजे ३२ वेळा मोजल्यावर एकदाच लॉक.

ज्याला अंदाज चालतो त्याने फक्त मोठी वही वाचायची. चूक किती असेल? आठ प्रोसेसर, प्रत्येकाकडे जमा न केलेले जास्तीत जास्त ३१, म्हणजे २४८. कर्नल ढोबळपणे ३२ गुणिले ८, म्हणजे २५६ धरतो. प्रोसेसर ६४ असतील तर बॅच १२८ होते आणि चूक १२८ गुणिले ६४, म्हणजे ८१९२ पर्यंत जाऊ शकते. गंमत बघा, १६ च्या पुढे प्रोसेसर दुप्पट झाले की चूक चौपट होते.

८१९२ ची चूक ऐकून मला आधी धक्काच बसला. कर्नलसारख्या ठिकाणी 'अंदाजे' कसं काय चालतं? पण विचार करा. तुमची अटेंडन्स ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर तुम्ही कधी एकेक लेक्चर मोजता का? नाही. आणि ७५ च्या आसपास असेल तर? तेव्हा आपण ऑफिसच्या खिडकीत उभं राहून प्रत्येक प्रॅक्टिकलचा हिशेब घालतो! आकडा नेमका किती याला महत्त्व तेव्हाच येतं, जेव्हा तो हद्दीजवळ असतो.

कर्नलचं तुलना करणारं फंक्शन नेमकं हेच करतं. आधी मोठ्या वहीतला अंदाज बघायचा. तो हद्दीपासून चुकीच्या कमाल मर्यादेपेक्षा लांब असेल तर निर्णय लगेच. जवळ असेल तरच लॉक घ्यायचा, सगळ्या वह्या उघडायच्या आणि नीट बेरीज करायची. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम मोकळी जागा बघताना असंच वागते. भरपूर जागा असेल तर अंदाजावर भागवते, तळ दिसायला लागला की खरी बेरीज करते.

आणि आमचं भांडण तरी नवीन होतं का? अजिबात नाही. लिनक्सच्या २.५ मालिकेत, म्हणजे डिसेंबर २००३ मध्ये २.६ आलं त्याच्या आधी, ईएक्सटी२ मध्ये हेच झालं होतं. ब्लॉक देण्यासाठीचा एक मोठा लॉक काढून प्रत्येक गटाला वेगळा लॉक दिला, आणि मग मोकळ्या ब्लॉकचा एकच सामायिक आकडा आड येऊ नये म्हणून तोही प्रोसेसरवार वाटला. म्हणजे माझ्या रूममेटने पहिलं अर्धं काम अगदी बरोबर केलं होतं. तिने सगळ्यांना वेगवेगळ्या वाटा करून दिल्या, आणि मी त्या सगळ्यांना शेवटी एकाच दारात आणून उभं केलं.

कुठे वापरू नये

नवीन हातोडा मिळाला की सगळीकडे खिळे दिसतात, म्हणून हेही सांगते.

१. जो आकडा क्वचित बदलतो पण सतत वाचला जातो, त्याला साधा ॲटॉमिक काउंटरच बरा.

२. 'शून्य झाला की वस्तू फेकून दे' अशा रेफरन्स काउंटला हा काउंटर जसाच्या तसा चालत नाही. तिथे शून्य म्हणजे शून्यच हवं, अंदाजे शून्य नको.

३. तपासणं आणि वजा करणं ही दोन वेगळी पावलं आहेत. शेवटचा एकच ब्लॉक उरला असताना दोघांनी एकदम तपासलं तर दोघांनाही 'आहे' असं उत्तर मिळेल. अशा ठिकाणी तपासणं आणि घेणं एकाच लॉकखाली करावं लागतं.

४. चालू मशीनमधला एखादा प्रोसेसर बंद केला तर त्याच्या वहीतला आकडा आधी मोठ्या वहीत जमा करावा लागतो, नाहीतर हिशेब कायमचा चुकतो.

५. असे काउंटर फार संख्येने बनत असतील तर बनवण्याचा खर्चही मोजा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.२ पासून प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीचा हिशेब अशा काउंटरवर गेला. पण प्रत्येक नव्या प्रोसेससाठी सगळ्या प्रोसेसरवर जागा घ्यायची आणि ती संपली की परत करायची! मोठ्या मशीनवर, क्षणभर जगणाऱ्या छोट्या प्रोसेसना हे महागात पडलं आणि डेव्हलपर्सना त्यावर पुन्हा काम करावं लागलं.

रूमवर करून बघा

यातलं काही प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठल्याही लिनक्स मशीनवर 'प्रॉक' डिरेक्टरीतली 'इंटरप्ट्स' ही फाइल उघडा. प्रत्येक प्रोसेसरसाठी एक कॉलम दिसेल. त्याच खिडक्यांवरच्या वह्या! दर सेकंदाला बघत राहिलात तर कुठला आकडा कुठे वाढतोय तेही कळेल. तिथलीच 'स्टॅट' नावाची फाइल उघडली तर सगळ्यात वर एकूण बेरीज आणि खाली प्रोसेसरवार हिशेब दिसतो. मग सी मध्ये आठ थ्रेडचा छोटा प्रोग्रॅम लिहा. आधी एक ॲटॉमिक काउंटर, मग आठचा ॲरे, मग प्रत्येकाला ६४ बाइट. तिन्हींना लागणारा वेळ स्वतः मोजा. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा ती तीन उत्तरं जास्त शिकवतात. आणि पुढे वाचायचंच असेल तर पॉल मॅकेनी यांच्या समांतर प्रोग्रॅमिंगवरच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण फक्त मोजण्यावर आहे. माझ्यासारख्यांना तेवढंच समाधान, की मोजणं खरंच अवघड असतं!

मी जे शिकले ते एवढंच. काउंटर लिहिण्याआधी 'किती' हा प्रश्न विचारू नये. हा आकडा कोण वाढवतं, कोण वाचतं आणि नेमका आकडा कोणाला, कधी लागतो, हे आधी विचारावं. दीड तासात संपलेलं काम बहुतेक वेळा संपलेलं नसतं, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे दुसऱ्याच्या कोडवर बोट ठेवण्याआधी पर्फ चालवावा.

काउंटर बदलल्यावर आमचे आठ थ्रेड खरंच एकापेक्षा पुढे पळायला लागले. त्या रात्री मेसमध्ये मी माझ्या ताटातली एक गरम पोळी उचलून रूममेटच्या ताटात ठेवली. सॉरी म्हणायला मराठीत शब्द सापडत नव्हता. तिने पोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "माझ्या किती झाल्या, मोजल्यास का?"

मी म्हटलं, "अंदाजे."